अमेरिकन फुटबॉलचं मैदान आखताना: मापं, रेषा आणि कोणती कड धरायची

अमेरिकेतल्या हायस्कूलच्या मैदानावर शरद ऋतूत दर आठवड्याला कुणीतरी रेषा पुन्हा रंगवत असतं. अनेक ठिकाणी हे काम पालक आणि स्वयंसेवक करतात. तिथल्या मराठी पालकांवरही ते येऊ शकतं, आणि भारतात एखाद्या मोकळ्या मैदानावर हा खेळ सुरू करणाऱ्यांना तर सगळं मुळापासूनच आखावं लागतं. दोघांनाही उपयोगी पडेल अशी ही कृती आहे. गवताचं, हायस्कूलच्या मापाचं मैदान डोळ्यांसमोर ठेवलं आहे. कॉलेज आणि एनएफएल (अमेरिकेतली व्यावसायिक लीग) यांची मापं जिथे वेगळी आहेत, तिथे तीही दिली आहेत.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करा. या मैदानावरच्या रेषा मोजपट्टीचं काम करतात. आक्रमण करणाऱ्या संघाला चार प्रयत्नांत 10 यार्ड पुढे जायचं असतं आणि ते 10 यार्ड दोन काठ्यांना बांधलेल्या साखळीने मोजतात. चेंडू मैदानाच्या मधोमध असेल तर ही साखळी साइडलाइनवरून, म्हणजे लांबीच्या बाजूच्या हद्दीच्या रेषेवरून, आत आणावी लागते. आत आणताना ती जागची हलू नये म्हणून तिच्या सर्वांत जवळच्या 5 यार्डांच्या रेषेच्या मागच्या कडेवर साखळीला चिमटा लावतात, आणि आत आल्यावर तोच चिमटा त्याच रेषेच्या त्याच कडेवर टेकवतात. आता ती रेषा एका टोकाला 4 इंच सरकलेली असेल, तर मधोमध 2 इंचांची चूक होते. चेंडूच्या टोकावर, एका इंचावर निकाल ठरणाऱ्या खेळात 2 इंच फार झाले. त्यामुळे रंग थोडा फिका असला तरी चालेल, पण रेषा तिरकी असून चालणार नाही.

आधी नियमावली कोणती ते विचारा

मैदानाचा आकार सगळीकडे सारखाच आहे. लांबी 120 यार्ड म्हणजे 360 फूट, रुंदी 160 फूट. एका गोल लाइनपासून (गुण मिळवण्यासाठी गाठायची रेषा) दुसऱ्या गोल लाइनपर्यंत 100 यार्ड, आणि त्यांच्या मागे दोन्ही टोकांना प्रत्येकी 10 यार्डांचं एंड झोन (गुण मिळवायचा पट्टा). ही रचना 1912 सालची. त्याआधी मैदान 110 यार्डांचं होतं आणि एंड झोन नव्हते. मीटरमध्ये पूर्ण लांबी 109.73, रुंदी 48.77, गोल लाइन ते गोल लाइन 91.44 आणि एंड झोन 9.14 भरतो.

भारतात जागा शोधणाऱ्यांनी हॉकीच्या मैदानाकडे जरूर पाहावं. ते 91.40 मीटर लांब आणि 55 मीटर रुंद असतं, म्हणजे गोल लाइन ते गोल लाइनचा भाग त्यात जवळजवळ तंतोतंत बसतो आणि बाजूंना थोडी जागाही उरते. पण दोन्ही टोकांना एंड झोनसाठी सव्वानऊ मीटर आणि त्यामागे खेळाडू थांबण्यापुरती मोकळी जागा मिळते का, हे आधी मोजून घ्या. 105 मीटरच्या सॉकरच्या मैदानात मात्र पूर्ण लांबी मावत नाही.

फरक आहे तो आतल्या खुणांमध्ये, त्यातही हॅश मार्क आणि गोलपोस्टमध्ये. हॅश मार्क म्हणजे मैदानाच्या लांबीला धरून चालणाऱ्या छोट्या आडव्या खुणांच्या दोन रांगा. चेंडू या रांगांच्या बाहेर, साइडलाइनच्या बाजूला मृत झाला, म्हणजे तिथे खेळ थांबला, तर पुढचा डाव जवळच्या रांगेवरून सुरू होतो. हायस्कूलमध्ये ही रांग साइडलाइनपासून 53 फूट 4 इंचांवर असते, म्हणजे मैदानाचे तीन सारखे पट्टे पडतात. कॉलेजमध्ये हे अंतर 60 फूट असतं आणि दोन रांगांमध्ये 40 फूट उरतात. एनएफएलमध्ये अंतर 70 फूट 9 इंच, आणि मध्ये फक्त 18 फूट 6 इंच. गोलपोस्टच्या दोन उभ्या खांबांमधलं अंतरही एनएफएलमध्ये तेवढंच आहे.

टीव्हीवर पाहिलेलं मैदान डोक्यात ठेवून हायस्कूलचं मैदान आखायला घेतलं की हीच चूक सर्वांत आधी होते. शिवाय टेक्सासमध्ये हायस्कूलचे सामने काही अपवाद सोडता कॉलेजच्या नियमावलीवर खेळले जातात. त्यामुळे रंगाचा डबा उघडण्याआधी त्या वर्षीच्या नियमावलीतली मैदानाची आकृती शाळेच्या क्रीडा विभागाकडून मागून घ्या. हॅशची 2 फुटांची खूण वरच्या अंतराच्या कोणत्या बाजूला पडते, हे त्या आकृतीत पाहून घ्या.

सामान

300 फुटांची एक टेप हवी, दोन असतील तर काम निम्म्या वेळात होतं. स्टीलची मिळाली तर उत्तम, कारण फायबरची टेप जोरात ओढली की ताणते. फायबरचीच असेल तर प्रत्येक वेळी सारख्याच ताकदीने ओढा आणि ओढणारा माणूस बदलू नका. त्याशिवाय न ताणणारी नायलॉनची दोरी, लोखंडी खुंट्या, मोठे खिळे, हातोडी, ओळंबा, रेषा मारायचं यंत्र, आणि अंक व बाण यांचे साचे लागतील. माणसं किमान तीन. दोघांत काम होतं, पण कर्ण मोजताना दमछाक होते आणि तिथेच चुका शिरतात.

रंग गवतासाठी असलेला, पाण्यात मिसळणारा घ्या. आपल्याकडे मैदानावर फक्की मारतात, तशी फक्की सरावाला चालते, पण ती चुनखडीची किंवा संगमरवराची भुकटी असावी. भाजलेला किंवा विरवलेला चुना अजिबात वापरू नका. खेळाडू तोंडघशी त्याच रेषेवर पडतात, आणि ओल्या कातडीवर किंवा डोळ्यांत तो चुना गेला तर भाजतं. तणनाशकाने गवत जाळून रेषा पाडण्याची युक्तीही सोडून द्या. त्याने कालांतराने खाचा पडतात आणि पाय मुरगळतात.

किती रंग लागेल, याचा हिशेब आधीच करता येतो. 4 इंची रेषा धरा. गोल लाइन धरून दर 5 यार्डांच्या 21 आडव्या रेषा, प्रत्येकी 160 फूट, म्हणजे 3,360 फूट. चारही बाजूंची हद्द 1,040 फूट. मधल्या एकेका यार्डाच्या 2 फुटी खुणा चार रांगांत मिळून 320, म्हणजे 640 फूट. एकूण 5,040 फूट. 4 इंच रुंदीने हे 1,680 चौरस फूट, म्हणजे सुमारे 156 चौरस मीटर होतात. डब्यावर किती क्षेत्रफळाला पुरेल ते लिहिलेलं असतं, त्यावरून डबे ठरवा. अंक, बाण आणि वाया जाणारा रंग यांसाठी थोडा जास्त धरा. टीव्हीवर दिसतो तसा 6 फूट रुंदीचा पांढरा पट्टा मैदानाभोवती हवा असेल, तर तो एकटाच 6,384 चौरस फूट खातो. सगळ्या रेषांच्या जवळजवळ चौपट! पहिल्या वर्षी 4 इंचांची हद्द पुरे.

चौकोन गुण्यात आणणे

सगळ्या कामाचा पाया हाच आहे, त्यामुळे इथे घाई करू नका. थेट 360 फुटांची बाजू धरण्यापेक्षा आधी दोन गोल लाइनमधला 300 बाय 160 फुटांचा चौकोन बसवा. कारण साधं आहे. या चौकोनाचा कर्ण बरोबर 340 फूट येतो, ना इंच जास्त ना इंच कमी. मीटरमध्ये 103.63.

जागा निवडायला वाव असेल तर लांबी उत्तर-दक्षिण ठेवा, म्हणजे मावळतीचं ऊन कुणाच्याच डोळ्यांवर समोरून येत नाही. मग पहिल्या कोपऱ्यात खुंटी ठोका. तिला ‘अ’ म्हणू. तिथून साइडलाइनच्या दिशेने दोरी ताणून 300 फुटांवर ‘ब’ ठोका. आता ‘अ’पाशी काटकोन काढायचा. साइडलाइनवर ‘अ’पासून 80 फुटांवर खूण करा. एका माणसाने ‘अ’वर टेप धरून आडव्या दिशेने 60 फूट घ्यायचे, दुसऱ्याने 80 फुटांच्या खुणेवरून 100 फूट घ्यायचे, आणि दोन्ही मापं जिथे भेटतील तिथे खिळा. त्या खिळ्यावरून दोरी सरळ पुढे नेऊन 160 फुटांवर ‘ड’ ठोका. हेच ‘ब’पासून करून ‘क’ मिळवा. 3-4-5 चा गुण्या लहान घेऊ नका. 3-4-5 फुटांचा त्रिकोण कोपऱ्यात अर्ध्या इंचाने चुकला, तर 160 फुटांवर ती चूक दोन फुटांच्या पुढे जाते.

‘ड’ ते ‘क’ 300 फूट भरतात का पाहा. मग दोन्ही कर्ण मोजा. इथे दोन गोष्टी होऊ शकतात. दोन्ही कर्ण सारखे आहेत पण 340 नाहीत, तर कोन बरोबर आहेत आणि एखाद्या जोडीची लांबी चुकली आहे. बाजू पुन्हा मोजा. बाजू बरोबर आहेत पण एक कर्ण मोठा आणि एक लहान आहे, तर चौकोन तिरका झाला आहे. अशा वेळी ‘क’ आणि ‘ड’ या दोन्ही खुंट्या साइडलाइनच्या दिशेने, मोठा कर्ण कमी होईल अशा बाजूला, सारख्याच सरकवा. किती सरकवायच्या? कर्णांतल्या फरकाच्या निम्म्याहून थोडं जास्त. फरक 6 इंचांचा असेल तर साधारण साडेतीन इंच. सरकवल्यावर 160 ची बाजू पुन्हा तपासा. दोन्ही कर्ण पाव-अर्ध्या इंचाच्या आत आले की खुंट्या खोल ठोका.

आता दोन्ही साइडलाइनच्या दोऱ्या त्याच रेषेत पुढे 30-30 फूट वाढवा. एंड झोनचे बाहेरचे चार कोपरे मिळाले. शेवटची तपासणी म्हणून पूर्ण मैदानाचा कर्ण मोजा. तो 393 फूट साडेअकरा इंच, म्हणजे 120.08 मीटर यायला हवा.

पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून बऱ्याच गवती मैदानांचा मध्य साइडलाइनपेक्षा फूट-दीड फूट उंच ठेवलेला असतो. त्याने लांबीच्या मापात पडणारा फरक पाव इंचाच्या आसपासच असतो, त्याची काळजी नको. त्रास दोरीचा होतो. दोरी मधल्या उंचवट्याला टेकते, गवतात अडकते आणि वाऱ्याने बाजूला सरकून तिथेच राहते. त्यामुळे प्रत्येक आडव्या दोरीला मधोमध एक खिळा लावा आणि एका टोकाला डोळा लावून ती सरळ आहे का, ते बघूनच रंग सोडा.

कड कोणती?

खुंट्या बसल्या, आता प्रत्येक रेषा दोरीच्या कोणत्या बाजूला पडणार ते ठरवायचं आहे. नवख्यांची सर्वांत जास्त मैदानं इथे बिघडतात.

साइडलाइन आणि एंड लाइन (एंड झोनच्या मागची हद्दीची रेषा) या मैदानाच्या बाहेर मोजल्या जातात. खेळाडूचा पाय साइडलाइनला नुसता लागला तरी तो बाहेर. म्हणून 160 फूट हे एका साइडलाइनच्या आतल्या कडेपासून दुसरीच्या आतल्या कडेपर्यंत मोजायचे, आणि सगळा रंग दोरीच्या बाहेरच्या बाजूला टाकायचा. गोल लाइनचं याच्या उलट आहे. तिची पूर्ण रुंदी एंड झोनमध्ये धरतात. 300 फूट तिच्या मैदानाकडच्या कडेपासून मोजायचे आणि रंग दोरीच्या एंड झोनकडच्या बाजूला. चेंडू या पुढच्या कडेच्या वरच्या हवेत पोहोचला की टचडाउन, म्हणजे गुण, त्यामुळे ही एक कड सगळ्या मैदानातली सर्वांत महत्त्वाची आहे. एनएफएलमध्ये गोल लाइन 8 इंच रुंद असते. हायस्कूलमध्ये 4 इंचही चालते. 8 इंच घेतली तर जास्तीचे 4 इंचही एंड झोनमध्येच जायला हवेत, मैदानात नव्हे.

दोरीच्या मधोमध यंत्र फिरवलं तर साइडलाइन 2 इंच आत येते, गोल लाइन 2 इंच पुढे सरकते, आणि दुरून सगळं ठीक दिसतं. म्हणून रंगवायला निघण्याआधी प्रत्येक दोरीजवळ रंगाच्या बाजूला एक ठिपका टाकून ठेवा.

दर 5 यार्डांच्या रेषा

दोन्ही साइडलाइनवर टेप पूर्ण 300 फूट पसरा. शून्य गोल लाइनच्या मैदानाकडच्या कडेवर ठेवा आणि एकाच टेपवरून 15, 30, 45 असं 285 फुटांपर्यंत खिळे ठोकत जा. 15 फुटांची काठी किंवा लहान टेप उचलून-उचलून पुढे सरकू नका. प्रत्येक वेळी अर्धा इंच चुकला तर वीस टप्प्यांत 10 इंच जमा होतात, आणि ती चूक दुसऱ्या गोल लाइनजवळच्या शेवटच्या पट्ट्यात एकदम उघडी पडते. टेप मीटरची असेल तर खुणा 4.572, 9.144, 13.716, 18.288, 22.86 अशा पडतील आणि 50 यार्डांची मधली रेषा 45.72 वर येईल. कागदावर सगळे आकडे आधी लिहून न्या, मैदानात बेरीज करत बसू नका.

समोरासमोरचे खिळे दोरीने जोडून रेषा मारा. रेषेचा मध्य खिळ्यावर घ्यायचा असेल तर सगळ्याच रेषांचा मध्य घ्या. एक रेषा मध्यावर आणि दुसरी कडेवर असं झालं तर साखळीला चकवा बसतो. कॉलेजच्या आकृतीत या रेषा साइडलाइनच्या 4 इंच आधी थांबतात, म्हणजे साइडलाइनची आतली कड स्वच्छ दिसते. तेवढी फट सोडणं हायस्कूलच्या मैदानावरही सोयीचं ठरतं.

हॅश आणि यार्डाच्या खुणा

हॅशच्या रांगेसाठी मैदानाच्या लांबीला धरून दोन दोऱ्या ताणा, हायस्कूलसाठी प्रत्येक साइडलाइनच्या आतल्या कडेपासून 53 फूट 4 इंचांवर, म्हणजे 16.26 मीटरवर. मध्ये तीन-चार ठिकाणी अंतर पुन्हा मोजा, कारण 300 फुटांची दोरी वाऱ्याने सहज झोल खाते. दोरीशेजारी टेप पसरून दर 3 फुटांवर 2 फूट लांब, 4 इंच रुंद खूण करा. ही खूण यार्डाच्या रेषांना समांतर, म्हणजे मैदानाच्या रुंदीच्या दिशेने असते. 5 यार्डांच्या पूर्ण रेषांवर मात्र हॅश दाखवायला रेषेला छेदणारी छोटी उभी खूण करतात. अशाच एकेका यार्डाच्या खुणा दोन्ही साइडलाइनच्या आतल्या बाजूलाही असतात. प्रत्येक दोन रेषांमध्ये चारच खुणा यायला हव्यात. तीन किंवा पाच आल्या तर थांबा आणि मागे जाऊन मोजा.

अंक आणि बाण

दर 10 यार्डांवर 10, 20, 30, 40, 50, 40, 30, 20, 10 असे अंक दोन्ही बाजूंना लिहायचे. एकूण 18 संख्या, 36 अंक, त्यातली 18 शून्यं. शून्याचा साचा सर्वांत आधी खराब होतो, तो मजबूत घ्या. अंक 6 फूट उंच आणि 4 फूट रुंद. हायस्कूल आणि कॉलेजमध्ये अंकांचा वरचा भाग साइडलाइनपासून 9 यार्डांवर, म्हणजे 27 फुटांवर ठेवायची शिफारस आहे. त्यामुळे खालची कड 21 फुटांवर येते. एनएफएलमध्ये अंकांची खालची कडच 12 यार्डांवर असते.

अंकांचे पाय नेहमी जवळच्या साइडलाइनकडे. साइडलाइनवर उभं राहून मैदानाकडे तोंड केलं की तुमच्या बाजूची संख्या सरळ वाचता आली पाहिजे, दशकाचा अंक रेषेच्या डावीकडे आणि शून्य उजवीकडे, रेषेपासून दोन्हीकडे सारखी जागा सोडून. समोरच्या बाजूला गेल्यावर साचा फिरवावा लागतो. तो न फिरवता लिहीत गेल्यास अख्खी रांग उलटी होते. रंग सोडण्याआधी सगळे साचे एकदा नुसते ठेवून पाहा.

50 सोडून प्रत्येक संख्येशेजारी जवळच्या गोल लाइनकडे बोट दाखवणारा त्रिकोणी बाण येतो, पाया 18 इंच आणि दोन बाजू 36-36 इंच. असे 16 बाण.

शेवटी गोल लाइनसमोर मधोमध एक छोटी खूण राहते. टचडाउननंतरचा जादा प्रयत्न हायस्कूल आणि कॉलेजमध्ये 3 यार्डांवरून होतो, तिथे ती असते. एनएफएलमध्ये ती 2 यार्डांवर असते.

गोलपोस्ट आणि पायलॉन

गोलपोस्ट एंड लाइनवर असतो. एनएफएलमध्ये 1974 पर्यंत तो गोल लाइनवर होता आणि खेळाडू त्याला धडकत. आडव्या दांडीची वरची कड जमिनीपासून 10 फुटांवर हवी. उभ्या खांबांमधलं अंतर हायस्कूलला 23 फूट 4 इंच, कॉलेज आणि एनएफएलला 18 फूट 6 इंच. वाकलेल्या मानेचा एकखांबी पोस्ट बसवताना लोक बुडखाच एंड लाइनवर रोवतात आणि दांडी एंड झोनमध्ये लोंबकळत राहते. बुडखा मागे राहायला हवा. दांडीची मैदानाकडची बाजू एंड लाइनच्या आतल्या कडेच्या बरोबर वर आली पाहिजे. ती ओळंबा सोडूनच ठरवा, नजरेने नाही. बुडख्याला जाड गादी गुंडाळल्याशिवाय मैदान खेळायला देऊ नका.

पायलॉन म्हणजे 18 इंच उंच, 4 इंच जाड, नारिंगी मऊ खांब. आठ ठिकाणी ते लागतात: दोन्ही साइडलाइन जिथे गोल लाइनला आणि एंड लाइनला मिळतात तिथे. बरेच जण हॅशच्या सरळ रेषेत एंड लाइनमागे आणखी चार ठेवतात. गोल लाइनवरचा पायलॉन साइडलाइनच्या रंगावर, म्हणजे बाहेर उभा असतो. त्याची आतली बाजू साइडलाइनच्या आतल्या कडेला आणि पुढची बाजू गोल लाइनच्या पुढच्या कडेला भिडलेली हवी. तो 4 इंच मागे ठेवला गेला तर कोपऱ्यातल्या टचडाउनचा निकाल चुकू शकतो.

रंगवताना

गवत आदल्या दिवशी कापा. रंगवून कापलं तर रंगलेली टोकंच उडून जातात. दव सुकल्यावर सुरू करा, ओल्या पात्यावर रंग धरत नाही. डबा तळापासून ढवळा आणि गाळून यंत्रात घाला, नाहीतर तोटी दर दहा मिनिटांनी तुंबते. यंत्र एकाच चालीने ढकला. मध्येच थांबलात तर तिथे रंगाचं थारोळं साचतं. आधी हद्द, मग गोल लाइन, मग एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे 5 यार्डांच्या रेषा, मग हॅश, आणि अंक सर्वांत शेवटी. रंगाने भिजलेली दोरी गवतावरून फरफटत नेऊ नका, दोघांनी दोन टोकांना धरून उचला.

काम संपल्यावर गोल लाइनच्या चार कोपऱ्यांच्या खुंट्या उपटण्याआधी त्यांच्याऐवजी, साइडलाइनच्या रेषेत पण हद्दीबाहेर ठरावीक अंतरावर, जमिनीच्या पातळीखाली पाइपचे तुकडे पुरून ठेवा आणि प्रत्येकाचं अंतर कागदावर लिहा. तोंडावर झाकण हवंच, आणि वर काहीही डोकावता कामा नये. पुढच्या मोसमात गुण्या काढत बसावं लागत नाही. पाइपांतून दोरी ताणली, 340 चा कर्ण एकदा पडताळला, की थेट रंगाला हात घालता येतो.